मेंढरं गेली, तीन किलो लोकर घरात राहिली. आता सूत कसं काढू?

खटाववाली | १९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. वडूजजवळ आमचं थोडं रान आहे. दरवर्षी दिवाळी झाली की माणातली धनगरांची मेंढरं चार रात्री तिथं बसतात, मग पुढं कोकणात उतरतात. यंदा त्यांनी निघण्याआधी आमच्याच रानात कातरणी उरकली. कातरलेली लोकर बांधाला ढीग करून तशीच टाकलेली. वाड्यावरच्या (धनगरांच्या मुक्कामावरच्या) आजींना विचारलं, हिचं काय करणार? म्हणाल्या, "काय करायची बाय. कातरणाऱ्याची मजुरी निघंना त्यातनं. ऱ्हाईल हितंच, खत हुईल." मला ते बघवेना. तीन किलो मागून घेतली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, चहा-साखरेचे पुडे दिले.

वीस वर्षं विणते आहे, पण दुकानातल्या ॲक्रिलिकच्या लडीपलीकडे मजल गेली नाही. म्हटलं, धुवायची, पिंजायची, कातायची, रंगवायची, सगळं घरीच करून बघू. उत्साहात अर्धा किलो लोकर वॉशिंग मशीनमध्ये टाकली. गरम पाणी, पावडर, पूर्ण चाळीस मिनिटं. बाहेर आलं ते जेन, म्हणजे केस एकमेकांत गच्च अडकून झालेला जाड थर. कात्रीनंही कापेना. सासूबाई म्हणाल्या, "बसायला बरं होईल," आणि खरंच देवघरात नेऊन त्यावर बसल्या.

अडीच किलो शिल्लक आहे. काळी जास्त, थोडी करडी, मूठ-दोन मूठ पांढरी. कुणी हे घरी केलंय का?

---

साताराएक्सप्रेस | १९ नोव्हेंबर

ताई, राग मानू नका, पण एवढा उद्योग कशासाठी? बाजारात हव्या त्या रंगाची लोकर मिळते. मेंढीचा वास घरात वेगळा.

---

खटाववाली | १९ नोव्हेंबर

वासाचं म्हणाल तर खरं आहे. ह्यांनी पोतं गच्चीवर हलवलंय.

---

चातीवरचा | २० नोव्हेंबर

आमचं घर सनगरांचं. घोंगड्यांचा माग आजोबांपर्यंत होता, मी नोकरीत. आजीच्या चरख्याशेजारी बसून जे पाहिलं त्यावर सांगतो.

पहिलं म्हणजे जेन का झालं. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे खवले असतात. गरम पाणी आणि पावडरीतला क्षार यांनी ते उघडतात, घुसळलं की एकमेकांत अडकतात, अडकले की परत सुटत नाहीत. नुसत्या उष्णतेनं काही होत नाही. घुसळणं आणि गरमातून एकदम गार पाण्यात टाकणं, या दोन गोष्टी टाळा. आणि 'एन्झाइमवाली' पावडर लोकरीला कधीच नको. ती रक्ताचे, अंड्याचे डाग खाते म्हणजे प्रथिनं खाते, आणि लोकर प्रथिनाचीच.

दुसरं, लोकर निवडा. आमच्याकडं सगळ्या कामात मोठं काम हेच. पाठीवरची आणि खांद्यावरची चांगली. पोटाखालची, शेपटीकडची, लेंड्या चिकटलेली बाजूला काढा, झाडाच्या बुडाला घाला. जुनी बाई हात लावून सांगायची, ही जावळाची, ही दुसऱ्या कातरणीची. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर. तिची टोकं कातरलेली नसतात, निमुळती असतात, म्हणून ती टोचत नाही. जावळाचं घोंगडं महाग का, ते यात आलं.

तिसरं, तुमच्या मनात मऊ स्वेटर असेल तर आत्ताच काढून टाका. आपली दख्खनी मेंढी स्वेटरची नाही. मेरिनोचा केस वीसेक मायक्रॉनचा, आपल्या मेंढीचा चाळीसच्या वर, त्यात बरेच केस आतून पोकळ. हिची लोकर पाऊस, काटे, जमीन यांच्यासाठी.

---

जनावरांचा_डॉक्टर | २० नोव्हेंबर

लोकर निवडताना तोंडाला मास्क लावा, हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. मेलेल्या जनावराची लोकर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. मेंढीचा फाशी रोग (अँथ्रॅक्स) माणसाला लोकरीतून होतो, पूर्वी परदेशात लोकर निवडणाऱ्यांचा रोग म्हणूनच त्याची ओळख होती. आणि कातरणीच्या आधी गोचिडाचं औषध कधी मारलं होतं तेही विचारून घ्या. भिववायला सांगत नाही, धनगर स्वतः आयुष्यभर हाताळतात. पण त्यांना आपलं जनावर ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

---

खटाववाली | ३० नोव्हेंबर

डॉक्टरसाहेब, आभार. जावेच्या मुलाकडून वाड्यावर फोन करवला. औषध श्रावणात मारलं होतं, मेंढरं धडधाकट आहेत.

आता अपडेट. निवडायला चार दुपारी गेल्या. मी एक युक्ती केली: सुंभाची जुनी बाज गच्चीत टाकली आणि लोकर तिच्यावर पसरून वेताच्या छडीनं हलकं झोडपलं. खाली जे पडलं ते बघण्यासारखं होतं. ओंजळभर माती, लेंड्या, बाभळीचा एक काटा, गोखरू, आणि कुसळं, कुसळं, कुसळं. कुसळ झोडपून पडत नाही. ते केसाबरोबर पीळ घालून आत शिरतं, एकेक चिमटीत धरून मागच्या बाजूनं ओढावं लागतं. माझ्या दोन नखांच्या कडा गेल्या. अडीच किलोची दोन किलोला थोडी कमी उरली.

मग रात्रभर गार पाण्यात भिजत घातली, काहीही न टाकता. सकाळी टबात कडक चहा! मेंढीच्या घामातले क्षार साबणासारखं काम करतात म्हणे, निम्मा मळ नुसत्या पाण्यानं सुटला. ते पाणी जास्वंदीला आणि कढीपत्त्याला घातलं. घामात पोटॅश असतो.

धुण्यासाठी रिठा वापरला. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, साबण लावला की पांढरा साका कपड्यावर बसतो. रिठ्याचा साका होत नाही. मूठभर रिठे फोडून, बिया काढून रात्री भिजवले, सकाळी उकळून गाळले. लोकर दोन-दोनशे ग्रॅम करून कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरली (लोणंदच्या कांद्याच्या, घरात पन्नास पडल्यात). पाणी हात घातला की लगेच काढावा लागेल इतकं गरम, थर्मामीटरवर ५५-६०. पिशवी पाण्यावर ठेवायची आणि आपोआप बुडू द्यायची. वीस मिनिटं. ढवळायचं नाही, चोळायचं नाही. सगळ्यात अवघड हेच, हात शिवशिवतात. पाणी कोमट व्हायच्या आत पिशवी बाहेर, नाहीतर सुटलेली चरबी परत बसते. मग तितक्याच गरम पाण्यातून दोनदा काढायची. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर.

पिळायची नाही. मशीनच्या नुसत्या ड्रायरमध्ये दोन मिनिटं फिरवली, त्यानं काही बिघडलं नाही. सावलीत बाजेवरच वाळवली. वाळून दीड किलो भरली. वास गेला? नव्वद टक्के. पावसाळी हवेत परत येईल, असं सासूबाईंचं भाकीत आहे.

---

कृष्णाकाठ | १ डिसेंबर

बाजेची आयडिया झकास. वाचनखूण साठवली.

---

मीनल_इस्लामपूर | १ डिसेंबर

पिंजण्याचं कसं करणार? पिंजारी आता कुठं राहिलेत. आमच्या गल्लीत एक यायचे, धनुकलीची तार वाजली की आम्ही पोरं धावत. त्यांनी लोकर घेतली असती का कोण जाणे, ते गादीचा कापूस पिंजायचे.

---

खटाववाली | ४ डिसेंबर

हसू नका. पेट-शॉपमधून कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश आणले, बारीक वाकड्या तारांचे. एकावर लोकर लावायची, दुसऱ्यानं विंचरायची, चार-पाच वेळा इकडून तिकडं. मग गुंडाळून पेळू. बोटभर जाड, आत हवा. दुकानदारानं विचारलं, कुठल्या जातीचा कुत्रा आहे? म्हटलं, दख्खनी.

---

चातीवरचा | ५ डिसेंबर

😄 चालेल. फक्त दाबून विंचरू नका, केस तुटतो आणि बारीक गोळ्या होतात. तारा एकमेकींना नुसत्या शिवल्या पाहिजेत.

कातायला काय आहे?

---

खटाववाली | ५ डिसेंबर

सासऱ्यांचा पेटी चरखा माळ्यावर होता. खादीवाले होते ते. पण त्यावर सूत सारखं तुटतंय.

---

चातीवरचा | ६ डिसेंबर

तुटत नसेल, पीळ जास्त होऊन आखडत असेल. पेटी चरखा कापसासाठी आहे. कापसाचा तंतू आखूड, त्याला भरपूर पीळ लागतो, म्हणून चात (सुताला पीळ देणारी सळई) भन्नाट फिरते. लोकरीचा केस दोन-अडीच इंच, खरखरीत, थोड्या पिळात धरतो. तुम्ही चाक निम्म्या वेगानं फिरवा, हात लांब ओढा. नाहीतर सरळ टकळी घ्या. काठी आणि खाली लाकडी चकती, दोन्ही मिळून तीस-चाळीस ग्रॅम. माणसं मेंढरांमागं चालता चालता टकळीवर कातायची.

अवांतर: चरख्याचा विषय निघालाच आहे तर, १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्याला एक लाखाचं बक्षीस लावलं होतं, तेव्हा आपल्या सांगली भागातल्या किर्लोस्करवाडीतही एक यंत्र तयार झालं होतं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. माझ्या आजीचा चरखा सुताराकडून केलेला, त्याच्या माळेला जुन्या लुगड्याची चिंधी. तिला कुणी लाख दिले असते तर तिनं आधी मेंढरं घेतली असती.

---

साताराएक्सप्रेस | ६ डिसेंबर

धागा वाचतोय हं. टीका मागे घेतलेली नाही, पण वाचतोय.

---

खटाववाली | २ जानेवारी

टकळी जमली. पहिले आठ दिवस नुसते गाठोडे: एका जागी दोरखंड, पुढच्या वितीत केस. मग एका संध्याकाळी, टीव्हीवर काय चाललंय याकडं लक्ष नसताना, बोटांना कळलं. पेळूतून केस निसटतात तो क्षण हाताला जाणवतो, डोळ्यांना दिसत नाही. एका बैठकीत पंधरा-वीस ग्रॅम होतं. एकेरी सूत उजवीकडं पीळ देऊन कातलं, मग दोन सुतं डावीकडं फिरवून दुपदरी केली. खुर्चीच्या पाठीवर लड काढली, चार ठिकाणी सैल बांधली, गरम पाण्यात बुडवून दांडीवर टांगली. ओल्यात पीळ बसतो, सरळ होतं.

आता रंग. सांगलीकर, बोला.

---

हळदबाजार | २ जानेवारी

आता आमची पाळी! हळद. हरिपूरच्या पेवांतून (जमिनीखालच्या कोठारांतून) निघालेली, २०१८ पासून जीआय मानांकन असलेली. लोकरीला अंगचाच रंग. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. पिवळी झालेली लोकर पाहिलीत का कधी? सोनं.

---

नीळआणिहिरडा | ३ जानेवारी

मी नैसर्गिक रंगांचं थोडं काम करते. हळदबाजारदादा, क्षमस्व, पण हळद लावू नका. रंग बसतो देखणा आणि महिनाभर उन्हात ठेवला की उडून जातो. यात्रेपुरतं ठीक. शिवाय साबणाच्या पाण्यात लाल होतो. हळदीला चुना लावला की कुंकू होतं ना, तेच.

टिकाऊ पिवळ्यासाठी झेंडू. दसरा-दिवाळीची तोरणं वाळवून ठेवली असतील तर तीच. केशरी-सोनेरी हवा असेल तर कांद्याची टरफलं. डाळिंबाची साल फिकट पिवळा देते पण पक्का. माण-आटपाडीत सालीला तोटा नाही. लालसाठी मंजिष्ठा, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते.

रंग धरून राहावा म्हणून आधी तुरटी. कोरड्या सुताच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला १५ ग्रॅम. गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. ओलं केलेलं सूत त्यात सोडा, अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू ८०-८५ अंशांपर्यंत न्या, तासभर ठेवा, उकळी येऊ देऊ नका. आणि त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ द्या. पातेलं स्टीलचं, आणि ते परत स्वयंपाकात घ्यायचं नाही. तुरटीचं चालेल म्हणाल, पण मंजिष्ठेचं आणि हिराकसाचं (काळपट रंगासाठी लागणारा लोखंडाचा क्षार)?

काळ्या सुतावर काही दिसणार नाही. करड्यावर मात्र रंग खोल येतो, पांढऱ्यापेक्षा मला तोच आवडतो.

---

हळदबाजार | ३ जानेवारी

दुःख झालं. पण बरोबर आहे. आजी तिचं हळदीचं लुगडं उन्हात वाळत घालायची नाही.

---

खटाववाली | २६ जानेवारी

झेंडावंदनाहून आल्यावर लिहायला बसले. तीन रविवारांचा हिशोब.

झेंडू: दिवाळीचं तोरण पोत्यात होतं. सुताइतक्याच वजनाची वाळकी फुलं तासभर उकळली, गाळली, त्यात तुरटीचं सूत. मोहरीच्या फुलाचा पिवळा आला. फर्स्टक्लास.

कांदा: लोणंदच्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावरून टरफलांचं पोतं फुकट. करड्या लडीवर गुळाच्या ढेपेचा रंग आला. माझी सगळ्यात आवडती.

मंजिष्ठा: इथं चुकले. लाल येत नाही म्हणून आच वाढवली आणि खळखळ उकळू दिली. विटकरी-तपकिरी झालं. दुसऱ्या खेपेला ७० अंशांच्या वर जाऊ दिली नाही आणि नळाचं सोडून बोअरचं पाणी घेतलं (नीळआणिहिरडा यांनी फोनवर सांगितलं, मंजिष्ठेला पाण्यातला चुना लागतो). तेव्हा खरा लाल आला. ज्या पाण्यानं साबणाचा साका केला त्यानंच रंग दिला.

हिरडा आणि हिराकस: महाबळेश्वरकडचा हिरडा, त्यावर हिराकस. काळपट राखाडी फार सुंदर. पण मी हिराकस अंदाजानं टाकला. आठ दिवसांनी ती लड हातात घेतली तर धागा कुरकुरीत, ओढला की तुटतो. वाया.

हळदही केली. सांगून ऐकत नाही मी. एक छोटी लड खिडकीत टांगलीय, बघू.

---

नीळआणिहिरडा | २७ जानेवारी

हिराकस सुताच्या दोन टक्के, फार तर तीन. चिमटीनं नाही, काट्यावर मोजून. लोखंड लोकर खातं.

हिरवा हवा असेल तर झेंडूची लड निळीत बुडवा. एक भाग नीळ (झाडाची, कपड्यांना लावायची नव्हे), दोन भाग चुना, तीन भाग गूळ, गरम पाण्यात. वर तांबूस चकाकी आणि खाली हिरवट-पिवळं पाणी दिसलं की तयार. चुना लोकरीला बाधतो, म्हणून सूत थोडाच वेळ आत ठेवा. बाहेर काढल्यावर हवेत निळा चढताना बघा, खालच्या पिवळ्यामुळं तो हिरवा दिसतो, मग व्हिनेगरच्या पाण्यातून काढा.

---

कराडची_मी | २८ जानेवारी

आमच्याकडचा गूळ निळीत! गुऱ्हाळवाले ऐकतील तर वेडे होतील.

---

मीनल_इस्लामपूर | १० फेब्रुवारी

एक प्रामाणिक प्रश्न. टोचत असेल तर या सुताचं करायचं काय?

---

चातीवरचा | १० फेब्रुवारी

आसन, पायपुसणं, पिशवी, पिशवीचा पट्टा, भिंतीवरचं काही. गळ्याला लागू देऊ नका. घोंगडं अंगावर घेणारा माणूस आत सदरा घालतोच की.

आणि ठेवताना कडुनिंबाचा पाला घाला, महिन्यातून एकदा ऊन दाखवा. नाहीतर कसर लागेल आणि मे महिन्यात गाळणी हातात येईल.

---

खटाववाली | ४ एप्रिल

खिडकीतली हळदीची लड: आता जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची. हळदबाजारदादा, फोटो टाकत नाही, तुमच्या मनाला लागेल.

करड्या-गुळी सुताचा पिशवीचा पट्टा विणला. शर्टावरून घेतला तर कळतही नाही.

---

खटाववाली | ७ जून

मेंढरं परतली! काल रानात उतरली, दोन दिवस बसून माणात जातील. मी सगळ्या लडी पिशवीत घालून वाड्यावर गेले.

आजींनी पिशवी उलटी केली. निळी-हिरवी बाजूला सारली. लाल लड उचलून म्हणाल्या, "ह्यो कुकवाचा बरा हाय." मग न रंगवलेली काळी घेतली आणि सूत दोन्ही हातांत धरून कानाजवळ झटका दिला. "पीळ जादा झालाय बाय. पर तुटायचा न्हाई." एवढ्यात त्यांना माझी एक गाठ सापडली. मग दुसरी. मग तिसरी.

"गाठी का मारल्यास गं?"

म्हटलं, सूत तुटलं की जोडायला.

त्यांनी गाठीजवळ धागा तोडला. दोन्ही टोकं उकलली, विस्कटली, एकावर एक ठेवली. तळहातावर थुंकल्या आणि दोन्ही तळव्यांमध्ये टोकं जोरात चोळली, दहा-बारा वेळा, चकमक घासावी तशी. हात उघडले. सांधा कुठं होता ते मला शोधून सापडेना. ज्या गुणानं माझं अर्धा किलोचं जेन झालं, त्याच गुणानं. मी सहा महिने गाठी मारत होते!

निघताना सुनेनं पदरात बांधलेलं काहीतरी हातात दिलं. यंदाच्या कोकरांचं जावळ, पांढरं. अर्धा किलो असेल. म्हणाली, आत्तीनं कोकणातनं राखून आणलंय, त्या चहाच्या पुड्यावाल्या बाईला द्यायचं म्हणून.

---

साताराएक्सप्रेस | ७ जून

ताई, ते जावळ विकायचं असेल तर सांगा.

---

खटाववाली | ७ जून

नाही.

---

मीनल_इस्लामपूर | ८ जून

थुंकीऐवजी पाणी चालेल का? आणि दुपदरी सुताला कसं करायचं?

---

चातीवरचा | ८ जून

पाणी चालतं. तळवे गरम हवेत आणि चोळताना थांबायचं नाही. दुपदरी असेल तर चार बोटं उकलून चारही टोकांतून थोडे थोडे केस काढून टाका, नाहीतर सांधा जाड होतो. मग एकत्र चोळा. ॲक्रिलिकवर करून बघू नका, त्याला खवले नाहीत.